एल-१ वरून एच-१बी, त्यात नवी कंपनी, त्यात ग्रीन कार्ड, आणि यंदा गणपतीची पाळी आपल्याकडे

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर इथेच कळेल. तू देवरूखचा, फेब्रुवारी २०२२ पासून न्यू जर्सीत एल-१बी वर, म्हणजे कंपनीने आपल्याच माणसाला तिकडे बदलीवर नेलेल्या व्हिसावर. त्याच कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये तुझं पर्म (ग्रीन कार्डची पहिली पायरी, या कामाला अमेरिकेतला माणूस मिळत नाही असं लेबर खात्याकडून मान्य करून घेणं) फाईल केलं आणि जुलै २०२५ ला ईबी-२ या ग्रीन कार्डच्या गटात आय-१४०, म्हणजे कंपनीचा तुझ्यासाठीचा ग्रीन कार्डचा अर्ज, अप्रूव्ह झालं. यंदा, मार्च २०२६ च्या एच-१बी (पदवीवाल्यांचा नोकरीचा व्हिसा) लॉटरीत तुझं नाव दोन कंपन्यांनी टाकलं होतं, सध्याच्या आणि टेक्ससमधल्या एका नव्या, आणि नाव लागलं. नवी कंपनी पगार बराच जास्त देत्ये. बायको एल-२ वर, म्हणजे एल-१ वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरी करते. आणि १४ सप्टेंबरला गणपती, यंदा पाळी तुमच्या घराकडे, बाबा म्हणतायत यायलाच पाहिजे. तर कुणाकडून एच-१बी करू, कंपनी बदलली तर ग्रीन कार्डची जुनी तारीख जाईल का, बायकोच्या नोकरीचं काय, आणि गणपतीला येऊ का.

मी वकील नाही हे आधी सांगते. सोळा वर्षं न्यू जर्सीत इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात फायली बांधल्या, चार वर्षांपूर्वी गुहागरला परत आले आणि आता इथूनच रात्री तेच काम करते, लाईट असेल तेव्हा. सही कुठेही वकिलाचीच हवी, पण वकील तुला अर्ध्या तासात जे सांगत नाही ते मी सांगू शकते. आणि तुला 'अरे-तुरे' करते, राग मानू नको, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस.

सगळ्यात पहिलं म्हणजे डोक्यातला एक गुंता सोडव. तुझ्या दोन वेगळ्या गोष्टी चालल्यायत आणि तू त्या एकच धरून बसलायस. एक तुझं स्टेटस, म्हणजे आज अमेरिकेत कुठल्या कागदावर राहून काम करतोयस ते, ते कंपनीला बांधलेलं असतं. दुसरा तुझा रांगेतला नंबर, म्हणजे प्रायॉरिटी डेट, तुझी जानेवारी २०२४. ती आय-१४० अप्रूव्ह झालं त्या दिवसापासून तुझी झाली, कंपनीची नाही. कंपनीने उद्या चिडून आय-१४० मागे घेतलं तरी ती तारीख तुझ्याकडेच राहते. फ्रॉड निघाला, लेबर सर्टिफिकेशनच (म्हणजे पर्म) रद्द झालं किंवा मूळ मंजुरी देण्यातच सरकारची मोठी चूक झाली होती असं निघालं, अशा मोजक्या वेळा सोडून. लोक वर्षानुवर्षं एका खुर्चीला चिकटून बसतात, 'तारीख जाईल' या भीतीने, पगार वाढत नाही, मॅनेजर वाट्टेल तसं बोलतो तरी. तुझी तारीख जात नाही. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

आता एल-१बी. ही गल्ली पुढे बंद आहे. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, आय-१४० अप्रूव्ह असलं तरी एक दिवस जास्त मिळत नाही. २००० सालच्या कायद्याने जी सवलत दिली, की आय-१४० हातात आहे पण नंबर लागत नाहीये तर तीन-तीन वर्षं वाढवून घ्या, ती फक्त एच-१बी ला आहे. म्हणजे तुला फेब्रुवारी २०२७ च्या आत एच-१बी वर यायलाच हवं, आणि देवाच्या कृपेने नाव लागलंय, यंदापासून पगाराच्या लेव्हलप्रमाणे कमी-जास्त चिठ्ठ्या टाकतात त्यातूनही लागलंय, तर ही संधी वाया घालवू नको. एच-१बी ची मुदत सहा वर्षं, पण ती एल-१ धरून सहा. तुझी मोजणी २०२२ पासून चालू आहे, म्हणजे नुसत्या हिशोबाने फेब्रुवारी २०२८. त्यानंतर आय-१४० च्या जोरावर तीन-तीन वर्षं.

आणि इथे तुझ्या फायद्याची एक गोष्ट आहे जी कुणीच सांगत नाही. अमेरिकेच्या बाहेर काढलेले पूर्ण दिवस त्या मोजणीत धरत नाहीत, ते परत मागून घेता येतात. तू लिहिलंयस की २०२२ पासून दर गणपतीला तीन आठवडे घरी आलास, आणि बहिणीच्या लग्नाला वेगळा महिना. म्हणजे चार गणपती आणि एक लग्न, साधारण चार महिने. ते एल-१बी च्या पाच वर्षांतही मिळतात आणि एच-१बी च्या सहातही. त्यासाठी पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, आणि आय-९४ च्या (प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद) वेबसाईटवरची ये-जा ची यादी, हे सगळं एका फोल्डरात ठेव. बोर्डिंग पास टाकून दिले असतील तर विमानाच्या बुकिंगचे ईमेल शोध. आमच्याकडे एकाने विमानतळावर घेतलेला फोटो आणि चिपळूणला उतरला त्या दिवसाचं कोकणकन्येचं तिकीट पण पाठवलं होतं, हसलो आम्ही, पण पुरावा तो पुरावा.

आता मुख्य, एच-१बी कुणाकडून. तू लिहिलंयस की टेक्ससवाल्या एचआरने सांगितलं, 'आम्ही पिटिशन फाईल केलं की रिसीट आल्याबरोबर जॉईन व्हा, पोर्टेबिलिटी आहे'. हे चूक आहे, आणि साधी चूक नाही. रिसीटवर जॉईन होता येतं ते जो आधीच एच-१बी वर आहे आणि एका एच-१बी कंपनीतून दुसरीकडे चाललाय त्याला. तू एल-१ वर आहेस. एल-१ वर तू फक्त त्याच कंपनीसाठी काम करू शकतोस. नव्या कंपनीत पाऊल टाकायचं तर पिटिशन अप्रूव्ह झालेलं हवं, स्टेटस बदललेलं हवं, आणि १ ऑक्टोबर उजाडलेला हवा. त्याच्या एक दिवस आधी जॉईन झालास तर ते बेकायदा काम. जो एचआर हे असं सांगतो त्याला एकतर माहीत नाही किंवा त्याच्या वकिलाशी त्याचं बोलणं नाही, दोन्ही बाबतीत मला त्या कंपनीबद्दल शंका येते. तरी त्यांच्या वकिलाशी थेट बोल, एचआरवरून सगळी कंपनी मोजू नको.

दोन्ही कंपन्यांना फाईल करता येतं का? येतं. आता लॉटरी माणसाप्रमाणे निघते, कंपनीप्रमाणे नाही, कितीही कंपन्यांनी नाव टाकलं तरी पासपोर्ट नंबरावरून माणूस एकच धरतात, आणि लागलं की ज्या ज्या कंपनीने नोंदवलं होतं त्या सगळ्यांना पिटिशन करायची मुभा, ३० जूनपर्यंत. पण दोघांनीही स्टेटस बदलायला मागितलं तर १ ऑक्टोबरला तू नक्की कुणाचा, असा घोळ होतो. दोन डगरींवर हात ठेवणं म्हणतात ते हेच.

खेड तालुक्यातला एक मुलगा होता, माझ्याच ऑफिसात फाईल आली म्हणून सांगते. एल-१ वर मोठ्या कंपनीत. बाजूला एका छोट्या कन्सल्टन्सीने त्याचं नाव लॉटरीत टाकलं, लागलं, पिटिशन झालं, स्टेटस बदलून मंजूर पण झालं, १ ऑक्टोबरपासून. याला वाटलं हे आपलं बॅकअप, गरज पडली की वापरू. गेला नाही कन्सल्टन्सीत, जुन्याच कंपनीत एल-१ समजून काम करत राहिला. त्याला कुणी सांगितलंच नाही की १ ऑक्टोबरला पहाटे त्याचं एल-१ आपोआप संपलं होतं. जानेवारीत पगाराच्या कागदांवरून वकिलाच्या लक्षात आलं, तोपर्यंत साडेतीन महिने विनापरवाना काम. पासपोर्टवर एल-१ चा शिक्का, म्हणजे व्हिसा, चालू होता म्हणून वाचला, अमेरिकेबाहेर जाऊन त्याच शिक्क्यावर परत आत आला, आणि नोकरीवाल्या ग्रीन कार्डात शेवटच्या प्रवेशानंतरचे १८० दिवसांपर्यंतचे असले दोष माफ होतात म्हणून पुढे अडलं नाही. पण त्या एका आठवड्यात त्याने काय भोगलं ते त्याच्या आवाजावरून कळत होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. एच-१बी सध्याच्या कंपनीकडून करून घे. १ ऑक्टोबरला तिथेच एच-१बी वर ये, दोन-तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा जमू दे, आणि मग डिसेंबर-जानेवारीत टेक्ससला जा. तेव्हा तू एच-१बी वर असशील, मग ती पोर्टेबिलिटी खरंच लागू, मग रिसीटवर जॉईन हो खुशाल. पुन्हा लॉटरी नाही, एकदा मोजला गेलास तो गेलास. आमच्या धोपावे-दाभोळ फेरीबोटीत काही लोक धक्का लागायच्या आधीच गाडी चालू करून पुढे सरकवतात, खलाशी ओरडतो, ऐकत नाहीत. तसं करू नको, बोट लागू दे.

उलट बाजू पण सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. टेक्ससवाल्यांकडून थेट करणं बेकायदा नाही, अप्रूव्हल हातात येईपर्यंत तू राजीनामा दिला नाहीस तर रिजेक्ट झालं तरी तुझं एल-१ जागेवर असतं. पण आज एप्रिल आहे, ऑक्टोबरपर्यंत सहा महिने. मधे त्या कंपनीने भरती थांबवली, ऑफर मागे घेतली आणि १ ऑक्टोबरच्या आधी पिटिशन काढून घेतलं तर लॉटरीत लागलेलं नावही गेलं, आणि फेब्रुवारीत तुझं एल-१ संपतंय, पुढच्या मार्चची लॉटरी त्यानंतर. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. तुझी सध्याची कंपनी कितीही कंटाळवाणी असली तरी चार वर्षं तिने तुझी सगळी कागदपत्रं वेळेवर केलीयत, हे काही कमी नाही. हां, सध्याच्या कंपनीतच कपात चालू असेल तर मात्र गणित उलटं, ते तुलाच माहीत. आणि एच-१बी वर गेल्यावर नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवड असते, आय-९४ त्याआधी संपत असेल तर त्याहून कमी. हे ६० दिवस शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजतात, सेव्हरन्सचा पगार किती महिने येतो त्यावरून नाही, यात खूप जण फसतात.

टेक्ससवाले म्हणतील, आत्ता नाही तर कधी नाही. त्यांना सरळ विचार, जानेवारीची जॉईनिंग डेट देता का. ज्या कंपनीला माणूस खरंच हवा असतो ती थांबते. नाही थांबली तर समजून जा.

नव्या कंपनीत गेल्यावर पर्म आणि आय-१४० पुन्हा शून्यातून करावं लागतं. सरकारकडून पगाराचा आकडा आणायचा, रविवारच्या पेपरात दोन जाहिराती, सरकारी जॉब ऑर्डर ३० दिवस, आलेल्या अर्जांची छाननी, मग फाईल करून वाट बघत बसायचं, सगळं मिळून दीड-दोन वर्षं सहज जातात. पण तुला घाई नाही. तुझं जुनं आय-१४० अप्रूव्ह होऊन १८० दिवस जानेवारीतच झाले, त्यामुळे आता जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी नवी कंपनी त्याच्याच आधारावर तुझं एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवू शकते. हे १८० दिवस व्हायच्या आत बाहेर पडणारे असतात ना, कंपनीने लगेच आय-१४० मागे घेतलं तर त्यांची तारीख राहते पण मुदतवाढीचा आधार जातो. तुझं दोन्ही शाबूत. नवं आय-१४० झालं की जुनी तारीख त्याला लावून घ्यायची, झालं.

त्यासाठी आत्ताच, कंपनीत गोडीगुलाबी आहे तोवर, आय-१४० च्या अप्रूव्हल नोटिशीची कॉपी मिळव. बऱ्याच कंपन्या देत नाहीत, म्हणतात तो आमचा कागद आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरंही आहे. निदान रिसीट नंबर तरी घे. नाहीच दिलं तर सरकारकडे माहितीच्या अधिकारासारखा अर्ज करता येतो, वेळ लागतो पण मिळतं. पर्मच्या फॉर्मची कॉपी मिळाली तर सोनं, कारण त्यात तुझं काम, डिग्री आणि अनुभव काय लिहिलाय ते कळतं आणि नव्या पर्ममध्ये त्याच्याशी विसंगत काही जात नाही. आणि आधीच्या नोकऱ्यांची अनुभवपत्रं. तू आधी लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात दोन वर्षं होतास म्हणालास, तिथून लेटरहेडवर, कामाचं वर्णन, तारखा, पूर्णवेळ होतं का, सगळं लिहून सहीनिशी घे. नुसतं 'वर्तणूक समाधानकारक' असलेलं सर्टिफिकेट काही कामाचं नाही. तिथले तुझे साहेब रिटायर व्हायच्या आत घे.

टेक्ससवाल्यांना विचारायचं ते असं. पर्म कधी सुरू करता, जॉईन झाल्यावर लगेच की वर्षाने, आणि हे ऑफर लेटरमध्ये लिहून देता का. गेल्या सहा महिन्यांत याच कामाची माणसं त्याच भागात काढलीत का, कारण काढली असतील तर त्यांना आधी विचारावं लागतं, आणि अशा वेळी बहुतेक कंपन्या पर्मच थांबवतात. आणि कंपनी छोटी असेल तर तिची टॅक्सची कागदं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नको, कारण आय-१४० मध्ये त्यांना पर्म भरल्या दिवसापासून तो पगार द्यायची ऐपत होती हे दाखवावं लागतं. पैशांचं म्हणशील तर पर्मचा वकील आणि जाहिरातींचा खर्च कंपनीनेच करायचा, २००७ पासून नियम आहे, तुझ्याकडून एक डॉलर मागितला तरी तो नियमभंग. पुढे आय-४८५ चे, म्हणजे ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यातल्या तुझ्या अर्जाचे, पैसे तू भरलेस तर चालतं. बॉण्ड वगैरे कायतरी सही करायला दिलं तर सही करायच्या आधी वकिलाला दाखव, नंतर नाही.

आता बायकोचं, आणि इथे माझ्या मते तुझं लक्षच नाहीये, एका ओळीत उरकलंयस. ती एल-२ वर आहे आणि तिच्या आय-९४ वर एल-२एस लिहिलंय, त्यामुळे तिला वेगळं वर्क परमिट लागत नाही, नुसत्या स्टेटसवर काम करते. १ ऑक्टोबरला तू एच-१बी झालास की तिच्या एल-२ चा पायाच गेला. ती एच-४, म्हणजे एच-१बी वाल्याची जोडीदार, होणार, आणि एच-४ वर नुसत्या स्टेटसवर काम करता येत नाही, कार्ड हातात हवं. तुझं आय-१४० अप्रूव्ह आहे म्हणून तिला एच-४ ईएडी, म्हणजे वर्क परमिटचं कार्ड, मिळतं, २०१५ पासून ती सोय आहे, पण ते मिळायला महिने लागतात आणि त्याला प्रीमियम (जादा पैसे भरून लवकर निकाल) नाही. म्हणजे तुझं पिटिशन एप्रिल-मे मध्ये प्रीमियमने १५ कामाच्या दिवसांत होईल आणि तिचं कार्ड नोव्हेंबरात येईल, मधले आठवडे ती घरी. म्हणून तुझ्या पिटिशनबरोबरच, त्याच पाकिटात, तिचा एच-४ चा आणि ईएडी चा अर्ज जाऊ दे. एक महिना उशीर केलास तर तो महिना तिच्या पगारातून जाईल. आणि तिने तिच्या एचआरला आत्तापासून सांगून ठेवायचं की ऑक्टोबरात बिनपगारी रजा लागू शकते. अजून एक, ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून ईएडी रिन्यूअलला आपोआप मिळणारी ५४० दिवसांची वाढ बंद झालीये, म्हणजे पुढच्या वेळी पण रिन्यूअल मुदतीच्या सहा महिने आधी टाकायचं, कॅलेंडरवर आत्ताच लिही.

कालच एका बाईंशी बोलत होते, कुडाळच्या, त्या म्हणाल्या नवरा एच-१बी झाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले आणि मला त्याच दिवशी लॅपटॉप परत करायला लावला. हे असं होऊ देऊ नको रे.

गणपती. मला माहितीये पाळी म्हणजे काय असतं, पाच भावांत पाच वर्षांनी एकदा मखर आपल्या ओटीवर येतं, आणि तेव्हाच मुलगा नाही म्हटल्यावर बाबांना कसं वाटेल. पण ऐक. अमेरिकेत बसून स्टेटस बदलायचा अर्ज पडून असताना तू देशाबाहेर गेलास तर तो अर्ज सोडून दिला असं धरतात. पिटिशन मंजूर होईल, स्टेटस बदलणार नाही, मग मुंबईच्या कॉन्सुलेटमधून एच-१बी चा शिक्का घेऊनच आत यावं लागेल. एरवी हे नुसतं त्रासाचं होतं. पण २१ सप्टेंबर २०२५ पासून बाहेर असलेल्या माणसाच्या नव्या एच-१बी पिटिशनवर एक लाख डॉलर भरायला लागतात, आणि सरकारने स्वतःच सांगितलंय की आत असताना स्टेटस बदलायला मागितलं असेल तर ते लागत नाहीत, मात्र निकाल लागायच्या आत माणूस बाहेर गेला तर लागतात. एक लाख डॉलर. तुझी कंपनी भरणार नाही आणि कुठलीच भरणार नाही.

तू म्हणशील प्रीमियमने मे मध्येच मंजूर होईल, मग सप्टेंबरात जाऊन एल-१ च्या शिक्क्यावर १ ऑक्टोबरच्या आत परत येतो. लोक करतात असं. पण त्या वेळी १ ऑक्टोबरचा बदल आपोआप लागू होतो की नाही यावर वकिलांमध्येच दोन मतं आहेत, आणि मी माझ्या फायलीतल्या कुणाला ते करू दिलं नाही. शिवाय बायकोचा एच-४ चा अर्ज तोवर पडूनच असणार, ती आली तर तिचा गेला. तेव्हा यंदा तुम्ही दोघं नाही. चुलतभावाला सांग पूजेला बसायला, तुमच्याकडे कुणीतरी असेलच मुंबईहून येणारं, व्हिडिओ कॉल लाव आरतीला. देवरूखला त्या दिवसांत नेटवर्कची बोंब असते तेवढी सांभाळून घ्या. १ ऑक्टोबर झाला, एच-१बी लागू झालं, की मग बाहेर जाऊन शिक्का घ्यायला तो लाखाचा प्रश्न नाही. फक्त डिसेंबर २०२५ पासून एच-१बी वाल्यांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली तेव्हा मुंबईच्या ठरलेल्या अपॉइंटमेंटा महिनेच्या महिने पुढे ढकलल्या गेल्या आणि माणसं इकडे अडकून पडली, म्हणून शिमग्याला यायचं ठरवलंस तर आधी तारीख हातात घे मग तिकीट काढ.

बाबांचा वेळ रिकामा आहे तर त्यांना एक काम दे. तुझा आणि सूनबाईंचा जन्माचा दाखला. ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्यात हा कागद लागतो आणि कोकणातल्या निम्म्या फायली इथे अडकतात. बाळंतपण आजोळी, नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत, आणि रजिस्टरमध्ये नुसतं 'मुलगा' लिहिलेलं, नाव नाहीच. किंवा आईचं नाव माहेरचं आणि तुझ्या पासपोर्टवर सासरचं. एका माणसाचा दाखला मी स्वतः बघितला, रजिस्टरात वडिलांचं नाव 'बाळू' आणि पासपोर्टात बाळकृष्ण, दोन्ही एकच माणूस हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्रांची चळत लागली. चिपळूणच्या २२ जुलै २०२१ च्या पुरात कित्येक घरांतली मूळ कागदंच गेली, ती लोकं अजून नक्कल काढत फिरतायत. बाबांना सांग आत्ता एप्रिलात जा, पावसात नको, नाव घालून, इंग्रजी-मराठी दोन्ही, दोन-तीन प्रती. लग्नाची नोंद पण बघा, फोटो आणि पत्रिका म्हणजे नोंद नव्हे.

रांगेचं खरं चित्र पण बघून ठेव. नोकरीवरून वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्ड सगळ्या जगाला, त्यात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. २०२५ सालात भारताच्या ईबी-२ ची तारीख २०१२-१३ च्या आसपास रेंगाळत होती, ईबी-३ ची पण तिथेच. तुझी २०२४. दर महिन्याला सरकारचं व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंत नंबर आलाय त्याची यादी) उघडून बघत बसू नको, ब्लडप्रेशर वाढतं. जुन्या लोकांची एक वाट म्हणजे भारतात परत येऊन त्याच कंपनीत वर्षभर खरोखरचा मॅनेजर म्हणून काम करायचं, एल-१ए (मॅनेजरांचा एल-१) वर जायचं आणि ईबी-१ या वरच्या गटातून पर्मशिवाय फाईल करायचं, जुनी तारीख तिथेही चालते. पण हाताखाली खरी माणसं हवीत, नुसतं व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर लिहून होत नाही.

आणि हे सगळं लिहून झाल्यावर सुचलं, खरं तर आधीच विचारायला हवं होतं. तुझी बायको जन्मली कुठे? तू लिहिलंयस तिचं माहेर श्रीवर्धनकडचं आणि सासरे वीस-बावीस वर्षं कुवेतला होते. ही देशाची मर्यादा नागरिकत्वावर नाही, पासपोर्टवर नाही, जन्मठिकाणावर आहे. आणि नवरा-बायको एकत्र फाईल करत असतील तर दोघांपैकी कुणाचाही जन्मदेश धरता येतो. तिचा जन्म कुवेतचा असेल, भारतीय आईबापांची असली तरी, तर तू भारताच्या रांगेत नाहीसच, कुवेतच्या म्हणजे बाकी जगाच्या रांगेत आहेस, आणि ती रांग भारताच्या मानाने फारच छोटी. माझ्याकडे असंच एक जोडपं पाच वर्षं वाट बघत बसलेलं, दोन वकील बदललेले, कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिचा पासपोर्ट चाळताना मला जन्मठिकाण दिसलं. आपल्याकडे रत्नागिरी-रायगडात आखातात जन्मलेली किती मुलं आहेत बघ, आणि त्यातल्या कितीजणांना हे माहितीये.

तसं असेल तर वर दिलेला सल्ला बदलतो. मग टेक्सस सध्या बाजूलाच. जुन्या कंपनीचीच नोकरी धरून ठेवायची, कारण आय-४८५ त्याच आय-१४० वर टाकायचं. तारीख लागल्याबरोबर दोघांचं आय-४८५, दोघांचं ईएडी, आणि ते १८० दिवस पडून राहिलं की मग त्याच प्रकारच्या कामावर कुठल्याही कंपनीत जा, नवं पर्म नको, काही नको. एच-१बी तरीही करून घ्यायचंच, आधार म्हणून.

तेव्हा आज रात्री तिचा पासपोर्ट काढ, जन्मठिकाणाची ओळ बघ, आणि मला कळव. टेक्ससवाल्यांना तोवर हो पण म्हणू नको आणि नाही पण.